स्पॅनिशमध्ये परवानगी मागताना इंग्रजी मध्ये आणू नका

वर्तमानकाळ आणि चार क्रियापदं येतात असं धरून चालते. क्लासमध्ये मला 'मे आय'चं भाषांतर करून शेवटी 'पोर फाबोर' (प्लीज) जोडायला शिकवलं होतं. तसं बोललं की 'पुएदो तेनेर उन काफे' असली वाक्यं तयार होतात. समोरच्याला अर्थ कळतो, पण स्पेनच्या बारमध्ये कोणी असं मागत नाही. 'मे पोने उन काफे?' म्हणतात, म्हणजे आपलं 'एक कॉफी देता का?'. नम्रपणा त्या 'का'मध्येच आला.

आधी समोरच्याला तू म्हणायचं की उस्तेद, ते ठरवा. 'तू' हा शब्द आपल्यासारखाच आहे. उस्तेद मानाचं, पण त्याला क्रियापद तृतीयपुरुषी एकवचनी लागतं. स्पेनमध्ये लोक पटकन 'तू'वर येतात, कोलंबियातल्या बोगोतात मात्र घरातही उस्तेद ऐकू येतं. शंका असली तर उस्तेद.

साधी परवानगी: 'पुएदो' आणि पुढे क्रियापदाचं मूळ रूप. 'पुएदो पासार?' म्हणजे 'जाऊ का?'. दर वेळी 'पोद्रीआ' (याचंच जास्त अदबीचं रूप) वापरा म्हणणाऱ्यांचं ऐकू नका. ते सरकारी खिडकीपुरतं ठेवा, मित्राकडे पेन मागायला नको.

त्याहून चांगलं 'देखार', म्हणजे आपलं '-ऊ देणे'. (हा ख घशात घासून म्हणायचा.) 'देखामे बेर' म्हणजे 'मला बघू दे'. 'मे देखा पासार?' म्हणजे 'मला जाऊ देता का?'. मराठी वाक्य शब्दाला शब्द उतरतं, इंग्रजीतून गेलात तर उगाच वळसा पडतो.

आता 'इंपोर्ता'. माझी फजिती इथेच झाली. घरमालकीणबाईंना विचारलं, 'ले इंपोर्ता सि कोसिनो?', मी स्वयंपाक केला तर हरकत आहे का? त्या म्हणाल्या, 'नो, नो, नो.' मी मुकाट्याने कुकर परत बॅगेत ठेवला आणि दोन दिवस पाव खाल्ला. खरं तर त्या हरकत नाही असंच सांगत होत्या! मराठीत 'हरकत नाही ना?' विचारल्यावर 'नाही' आलं की मी कधी अडले नव्हते. परक्या भाषेत मात्र 'नो' ऐकलं आणि डोकं बंद पडलं.

गोंधळ वाढतो तो 'सी, क्लारो'मुळे, म्हणजे 'हो, अर्थातच'. व्याकरणाने पाहिलं तर तो 'हो, हरकत आहे' असा व्हायला हवा, पण म्हणणाऱ्याला बहुतेक वेळा 'करा की' म्हणायचं असतं. म्हणून नो आणि सी दोन्ही सोडून द्या आणि पुढचा शब्द ऐका. 'क्लारो' किंवा 'आदेलांते' (करा, पुढे व्हा) आलं की कामाला लागा. 'एस के...' आलं की थांबा. हे आपलं 'त्याचं काय आहे...'. त्यापुढे डोकेदुखी, झोपलेलं बाळ, काहीही येईल, नकार मिळालेला असतो. कारण खोडून काढायला जाऊ नका.

याच वाक्यातला दुसरा खड्डा व्याकरणाचा. 'सि' (आपलं 'जर', होकाराचा 'सी' नव्हे) असेल तर साधा वर्तमानकाळ: 'ते इंपोर्ता सि आब्रो ला बेंताना?', खिडकी उघडली तर चालेल का? 'के' (आपलं 'की') वापरलंत तर क्रियापद बदलतं: 'ते इंपोर्ता के आब्रा...'. दोन्ही बरोबर आहेत. पहिलं वर्षभर 'सि'वरच राहा. दोन्ही एकदम घोकले की तोंडातून भलतीच खिचडी बाहेर पडते, हे स्वानुभवाने सांगते.

दारात उभं राहून 'से पुएदे?', म्हणजे 'येऊ का?'. गर्दीतून वाट काढताना 'कोन पेर्मीसो', ते पुढे सरकण्याआधी. धक्का लागून गेल्यावर 'पेर्दोन'. मेक्सिकोत 'कोन पेर्मीसो'ला कोणी 'प्रोपिओ' असं उत्तर दिलं तर बुचकळ्यात पडू नका, खुशाल पुढे व्हा.