कोको मिक्सच्या गुठळ्या: माझा अनुभव

विकतच्या डब्यात साखरच जास्त, म्हणून मी कोको मिक्स घरीच करते. त्रास एकच होता. दुधात घातलं की पावडर वर तरंगायची, चमचा फिरवला की गोळ्या, आणि गोळी फोडली की आत कोरडी भुकटी.

कारण कोकोतच आहे. साध्या कोको पावडरीतही साधारण १० ते १२ टक्के स्निग्धांश असतो, त्यामुळे ती चटकन भिजत नाही. 'डच प्रोसेस' कोको, म्हणजे अल्कली (क्षार) वापरून आंबटपणा कमी केलेला, त्या मानाने लवकर मिसळतो, रंगही गडद येतो. पण मला साध्याचा किंचित आंबूसपणा आवडतो.

आता असं करते. एक वाटी साखर, चमचाभर कॉर्नफ्लोअर आणि चिमूटभर मीठ मिक्सरमधून बारीक करायचं. त्यातच वाटीभर कोको घालून पुन्हा फिरवायचं, म्हणजे कोकोचे कण साखरेत सुटे होतात. वाटीभर दूध पावडर शेवटी, भांडं गार झाल्यावर. गरम असताना ती चिकटून बसते. मग सगळं मैद्याच्या चाळणीने चाळायचं.

कपात तीन चमचे मिश्रण, त्यावर दोनच चमचे कढत दूध, आणि चकचकीत होईपर्यंत घोटायचं. उरलेलं दूध नंतर. निम्मा फरक इथेच पडतो. दाटपणा हवा तर पातेल्यात एक उकळी येऊ द्या, कॉर्नफ्लोअर त्याशिवाय काम करत नाही.

पावसाळ्यात बरणीत दगड होतो, तेव्हा निम्मंच करा आणि ओला चमचा घालणाऱ्यांवर डोळा ठेवा. जायफळ मात्र पितानाच किसा. आधी मिसळलं तर वास उडतो.