बोस्ट, ब्रॅग की ग्लोट? बढाईचा नेमका इंग्रजी शब्द कसा निवडावा

बेळगावातल्या शहापुरात मी दहावी-बारावीच्या मुलांना इंग्रजी शिकवते. घरात मराठी, बाजारात कन्नड आणि इंग्रजी फक्त वहीत, अशी ही मुलं. 'बढाई मारणे'ला इंग्रजीत काय म्हणायचं हे शोधायला गेलं की पाच-सहा शब्द समोर येतात आणि मुलं पहिला उचलून मोकळी होतात. तसं करू नका. आधी बोलणारा डोळ्यांसमोर आणा. त्याच्याजवळ मिरवण्यासारखं खरंच काही आहे का? तो कुणाला खिजवतोय का? एवढं ठरलं की निम्मं काम झालं.

पहिल्यांदा 'बोस्ट' नीट समजून घ्या. माणसाबद्दल वापरला तर ती फुशारकी: 'ही बोस्ट्स अबाउट हिज मार्क्स.' पण कर्ता गाव, इमारत किंवा संस्था असेल तर दोष गळून पडतो आणि अभिमान तेवढा उरतो. 'बेलगाम फोर्ट बोस्ट्स अ जैन टेम्पल बिल्ट इन 1204.' म्हणजे आपल्या किल्ल्यात कमल बस्ती आहे आणि ती मिरवावी अशीच आहे. इथे 'अबाउट' घालायचं नाही, क्रियापदापुढे थेट ती गोष्ट यायला हवी. गांधीजी अध्यक्ष असलेलं काँग्रेसचं एकमेव अधिवेशन 1924 साली बेळगावात भरलं. त्याबद्दल निबंधात 'बोस्ट' लिहायला अजिबात कचरू नका.

'ब्रॅग'ला हा मान नाही. तो बोलीतला, 'बाता मारणे'च्या जवळचा, ऐकणाऱ्याला नकोसा होणारा. नोकरीच्या अर्जात स्वतःबद्दल तो कधीच लिहू नये.

सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो 'क्रो' आणि 'ग्लोट'मध्ये. आनंदवाडीच्या आखाड्यात कुस्ती बघितली असेल तर फरक लगेच कळेल. जिंकलेला पैलवान हात उंचावून मैदानाला फेरी मारतो, तोवर तो निव्वळ आनंद. तोच हरलेल्याच्या माणसांसमोर जाऊन 'कसा लोळवला!' म्हणून ओरडू लागला की झालं 'क्रो'. या शब्दाचा मूळ अर्थ कोंबड्याचं आरवणं, त्यामुळे आवाज हवाच. 'ग्लोट'ला आवाज लागत नाही. पडलेल्याचा पाय मुरगळलाय हे बघून गर्दीतला कुणी मनातल्या मनात सुखावला, गालात हसला, तरी तो 'ग्लोट' करतोय. आपण ज्याला आसुरी आनंद म्हणतो तोच हा. दोन्हींपुढे 'ओव्हर' येतं.

'शो ऑफ' म्हणजे टेंभा मिरवणं. ते बोलण्यातून होतं तसंच कृतीतूनही होतं: नवी गाडी खडेबाजारातून उगाच दोनदा फिरवणं. 'स्वॅगर' चालीत दिसतो. 'व्हाँट' एकटा आता क्वचितच भेटतो. बातम्यांत 'मच-व्हाँटेड' असं लिहिलेलं दिसलं की सावध व्हा. बहुतेक वेळा त्यात टोमणा असतो, की गाजावाजा फार झाला आणि हाती तेवढं आलं नाही.

'ब्रॅगडोशिओ' म्हणजे पोकळ डरकाळ्या. कवी एडमंड स्पेन्सरने 1590 साली आपल्या काव्यातल्या एका बढाईखोर पात्राला जे नाव दिलं, त्यावरून हा शब्द आला. हे नाम आहे, त्याचं क्रियापद करू नका. याउलट 'हम्बलब्रॅग' अगदी नवा, ट्विटरच्या काळातला: तक्रारीच्या आडून मारलेली बढाई. 'दोन-दोन कंपन्या बोलावताहेत, कुठली निवडू तेच कळेना, डोकं उठलंय नुसतं.' मला हा शब्द फार आवडतो, कारण असं बोलणारे आपल्या गल्लीतही आहेत.

'स्वतःची टिमकी वाजवणे'साठी 'ब्लो युअर ओन ट्रम्पेट' चपखल बसतं. अमेरिकेत त्याच जागी 'टूट युअर ओन हॉर्न' म्हणतात.

सराव असा करा. एकच प्रसंग घ्या, समजा शेजारच्या मुलाला बारावीला चांगले मार्क पडलेत, आणि तो आधी मराठीत लिहा. फुशारकी, टेंभा, टिमकी, आसुरी आनंद यांपैकी जो शब्द लिहिताना आपसूक आला, त्याच्याशी जुळणारा इंग्रजी शब्द वर शोधा आणि पुढे 'अबाउट' लागतं की 'ओव्हर', हे तपासून वाक्य मोठ्याने वाचा.