जिवंत झिंगा, मरळ परदेशी पाठवताय? या चुका टाळा

गोंदिया-भंडाऱ्याच्या मामा (माजी मालगुजारी) तलावांवरून जिवंत माल परदेशी पाठवू पाहणाऱ्या मच्छीमार संस्थांना पहिलं सांगणं हेच, की कागद हातात आल्याशिवाय जाळं टाकू नका. गोठवलेला माल कस्टममध्ये अडकला तर कोल्ड स्टोरेजचं भाडं वाढतं. जिवंत माल अडकला तर पिशवीतला ऑक्सिजन संपतो, पाण्यात अमोनिया साचतो आणि सगळा माल हातचा जातो.

समोरचा देश तो मासा घेतो का, हे आधी विचारा. अमेरिकेने 2002 पासून मरळ कुळातले मासे जिवंत आणायला बंदी घातली आहे. तिथे कितीही चांगला ग्राहक मिळाला तरी उपयोग नाही. थाई मांगूर हा मासा तर आपल्याकडेच बंद आहे, देशी मांगुरात त्याची भेसळ चालणार नाही. कागदावर नुसतं ‘झिंगा’ लिहून भागत नाही. मॅक्रोब्रॅकियम रोझेनबर्गी हे शास्त्रीय नाव बिलावर, आरोग्य प्रमाणपत्रावर आणि विमानाच्या पावतीवर अक्षरशः सारखंच हवं. कस्टमच्या वर्गवारीत (एचएस कोड) जिवंत मासा 0301 खाली येतो, झिंगा 0306 खाली. पुढचे आकडे कस्टम एजंटाकडून लेखी घ्या.

सगळ्यात महाग पडते ती औषधांची चूक. क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान या प्रतिजैविकांचा अंशही बाहेर चालत नाही. युरोपीय संघाने 2016 मध्ये भारतातल्या संवर्धित कोळंबीच्या तपासणीचं प्रमाण 10 वरून 50 टक्क्यांवर नेलं, ते याच भीतीने. बीज कुठल्या हॅचरीतलं, खाद्य कोणतं, औषध कधी आणि किती दिलं, याची वही तलावावरच ठेवा. मामा तलावात धानाच्या बांध्यांतलं पाणी उतरत असेल, तर फवारणीच्या दिवसांची नोंदही त्यातच करा. माल काढण्याआधीच नमुना तपासून घ्या. अहवालात खोट निघाली तर निदान झिंगा तलावात जिवंत राहील.

वजनाचा घोळही नेहमीचा. खोक्यात पाणी असतं, त्यामुळे मालाचं निव्वळ वजन आणि पाण्यासकट एकूण वजन वेगवेगळं लिहा. दोन्ही एकाच रकान्यात कोंबलं की शंका निघते आणि खोकं उघडलं जातं.

नागपूरहून थेट परदेशी विमानं मोजकीच. मुंबईमार्गे पाठवणार असाल तर मधल्या मुक्कामाचे तासही ऑक्सिजनच्या हिशोबात धरा. शुक्रवारी माल रवाना करू नका. कस्टम चालू असलं तरी प्रमाणपत्रावर सही करणारं कार्यालय शनिवार-रविवारी बंद असू शकतं. पॅकिंगआधी मासे उपाशी ठेवा. कात टाकलेला मऊ झिंगा वेगळा काढा, नाहीतर बाकीचे त्यालाच खातात.

आणि तरीही माल अडकलाच, तर ‘बघतो’ या उत्तरावर थांबू नका. नेमकी हरकत काय ती एजंटाकडून लेखी मागा, नमुन्यासाठी एकच खोकं उघडावं अशी विनंती करा, पुन्हा ऑक्सिजन भरून देणारा माणूस आधीच ठरवून ठेवा. वाटेतली मरतूक कोणाच्या खात्यावर, हे ग्राहकाशी करारातच लिहून घ्या. माल मेल्यावर तो फोन उचलेलच असं नाही.