इन्सुलिन घेणाऱ्यांचं समाधान मोजायचं कसं?

स्वतःची प्रश्नावली बनवत बसू नका. डीटीएसक्यू (डायबिटीस ट्रीटमेंट सॅटिस्फॅक्शन क्वेश्चनेअर) ही मधुमेहाच्या उपचारांबद्दलचं समाधान मोजणारी प्रश्नावली याच कामासाठी आहे. प्रश्न आठच, प्रत्येकाला ० ते ६ गुण. वापरायचा परवाना हक्कधारकांकडून घ्या, भाषांतरही त्यांच्या संमतीचंच वापरा.

खरी अडचण विचारण्यात आहे. डॉक्टरांच्या टेबलासमोर विचारलंत तर निफाडचा शेतकरी असो की सातपूरचा कामगार, "बरं चाललंय, साहेब" एवढंच ऐकू येईल. समोरच्याला वाईट वाटू नये म्हणून माणसं सरसकट सहा सांगतात. म्हणून ज्यानं औषध लिहून दिलं त्यानं कधीच विचारू नये. वेगळ्या खोलीत बसवा, कागद त्यांच्याच हातात द्या. सोबत आलेल्या सुनेला किंवा मुलाला बाहेर थांबवा, नाहीतर उत्तरं तेच देतात.

वाचता येत नसेल तर प्रश्न वाचून दाखवा, पण शब्द न बदलता. मी इथेच चुकले होते. सातवा प्रश्न असा की, तुमच्यासारखाच मधुमेह असलेल्या दुसऱ्या कुणाला हे उपचार सुचवाल का? मी घाईत "दुसऱ्यांना सुचवाल का" एवढंच विचारलं. एक आजी म्हणाल्या, "वैऱ्यालाही सुई लागू नये गं बाई." मी शून्य लिहून मोकळी झाले. त्या आजींना इन्सुलिनबद्दल काडीची तक्रार नव्हती; हा आजार कुणाला व्हावा का, असंच मी विचारतेय असं त्यांना वाटलं होतं. तेव्हापासून प्रश्न पूर्ण वाचते, दोनदा वाचते आणि माझ्याकडून अर्थ सांगत नाही. आठव्या प्रश्नालाही असाच घोळ होतो. टाइप १ च्या, म्हणजे शरीरात इन्सुलिन जवळजवळ तयारच न होणाऱ्या मधुमेहाच्या मुलांना वाटतं, इन्सुलिन बंद करायचं का असं विचारताहेत. प्रश्न सध्याचीच उपचारपद्धती पुढे चालू ठेवायला किती समाधान वाटेल, याबद्दल असतो.

बेरीज सोपी, पण आठही आकडे एकत्र करू नका. दुसरा प्रश्न शुगर वाढल्याचा, तिसरा ती उतरल्याचा. तिथे जास्त गुण म्हणजे त्रास जास्त, म्हणून ते दोन वेगळे ठेवा. उरलेल्या सहांची बेरीज ० ते ३६. पस्तीस गुण देणाऱ्यानं तिसऱ्याला पाच दिले असतील, तर त्याला हात थरथरून घाम कधी फुटतो ते त्याच दिवशी विचारा. एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी शुगर दाखवणारी रक्ततपासणी) कागदावर लिहून ठेवा, पण गुणांत मिसळू नका. शुगर ताब्यात असूनही माणूस दिवसाच्या चार सुयांना कंटाळलेला असू शकतो.

सिरिंजवरून इन्सुलिनच्या पेनवर आणल्यावर फरक पाहायचा असेल, तर आधीच ३६ दिलेल्याचे गुण आणखी वाढणार कुठे? त्यासाठी बदल मोजणारी, उणे ३ ते अधिक ३ गुणांची आवृत्ती आहे. ती नंतरच्या भेटीत जोडीला द्या.

आणि तारीख लिहा. प्रश्न गेल्या काही आठवड्यांबद्दल असतात. ऑक्टोबरच्या छाटणीत द्राक्षबागेत राबणाऱ्याचं जेवण मागेपुढे होतं, शुगर उतरते. त्याची पहिली फेरी छाटणीत आणि दुसरी पावसाळ्यात घेतलीत, तर गुण पेनमुळे बदलले की कामामुळे, हे कागदावरून कळणार नाही.