बऱ्हाणपूर बघायला जाताय? या चुका टाळा

आम्ही रावेरकडची माणसं. बऱ्हाणपूर आमच्यापासून तीसेक किलोमीटरवर, मध्य प्रदेशात. लहानपणापासून तिथं जाणं-येणं आहे, कधी कापड घ्यायला, कधी इच्छापूरला देवीच्या दर्शनाला, कधी नुसती मावा जिलबी खायला. पण हे शहर बघायचं असतं, हे मला फार उशिरा कळलं. आता दर हिवाळ्यात कुणा ना कुणा पाहुण्याला घेऊन जातो. पुण्या-मुंबईची माणसं असोत नाहीतर आपल्या जळगाव-धुळ्याची, चुका त्याच त्या होतात आणि निम्मं शहर बघायचं राहून जातं. मनाला लागतं ते. म्हणून हे लिहितोय.

पहिली चूक निघण्याआधीच होते. बऱ्हाणपूर म्हणजे ‘मुमताज जिथं वारली ते गाव’ एवढंच डोक्यात घेऊन लोक येतात. ते खरंच आहे. १७ जून १६३१ रोजी चौदाव्या बाळंतपणात ती इथंच गेली. पण त्याआधी दोनशे वर्षं हे शहर खान्देशाची राजधानी होतं. फारुकी सुलतानांचं पहिलं ठाणं थाळनेर, म्हणजे आपल्या शिरपूर तालुक्यातलं, तापीकाठचं. तिथून ते असीरगडावर आले आणि १४०० च्या सुमाराला नासिर खान फारुकीने तापीच्या उत्तर काठावर हे शहर वसवलं. नाव दिलं सूफी संत बुऱ्हाणुद्दीन गरीब यांचं. त्यांचा दर्गा आपल्या खुलताबादला आहे. समोरच्या काठावर जैनाबाद, तेही जैनुद्दीन या संतांच्या नावाने. आज नकाशावर मधे राज्याची सीमा आहे आणि आपली तापी तिथं ‘ताप्ती’ होते, पण राजधानी ती आपल्याच मुलखाची. शक्य असेल तर आधी थाळनेरच्या फारुकी कबरी बघून मग बऱ्हाणपूर गाठा. लहान ठाण्यातून राजधानी कशी झाली, ते पायाखालून समजतं.

अर्ध्या दिवसात उरकणं

सकाळच्या गाडीने यायचं आणि दुपारच्या गाडीने परत, असा बेत आखू नका. भुसावळ-खंडवा मार्गावर स्टेशन आहे, गाड्याही बऱ्याच आहेत, त्यामुळे हा मोह होतो. पण स्टेशन लालबागेत आहे, जुनं शहर तिथून काही किलोमीटर लांब. स्टेशनवर उतरून सरळ किल्ला गाठणारे लोक नंतर कुंडी भंडाऱ्यासाठी पुन्हा लालबागेकडे येतात आणि रिक्षाचं भाडं दोनदा देतात. क्रम उलटा करा. आधी कुंडी भंडारा, मग जुनं शहर, शाही किल्ला, जामा मशीद, आणि ऊन उतरल्यावर नदीपलीकडे जैनाबाद. असीरगडाला दुसरा दिवस ठेवा. एकच दिवस असेल तर असीरगड सोडा. शहर आणि गड दोन्ही धावतपळत बघण्यात काही मजा नाही.

रिक्षा दिवसभरासाठी ठरवताना ‘सब दिखा दो’ असं कधीच म्हणू नका. त्यात फक्त रस्त्यालगतच्या जागा येतात. नावं कागदावर लिहून न्या: कुंडी भंडारा, आहूखाना, राजा की छत्री, शाहनवाज खानाचा मकबरा, बेगम शुजाचा मकबरा. थांबायचा वेळ धरून भाडं आधीच ठरवा. भाषेची अडचण येत नाही, मराठी बहुतेकांना कळतं. पण ठिकाणांची नावं मात्र तिथली वापरा. शेवटचा मकबरा ‘खरबूजा गुंबद’ म्हटलं की पटकन सापडतो. आकार खरोखर खरबुजासारखाच आहे.

कुंडी भंडाऱ्यात घाई

माझ्या मते बऱ्हाणपुरात एकच गोष्ट बघायची असेल, तर ही. आणि लोक नेमकं इथंच चुकतात.

आधी ते काय आहे हे समजून घ्या, नाहीतर एक विहीर बघून आल्यासारखं वाटेल. मोगलांच्या काळात इथं फौज, कारखाने, सराया, बागा असा पसारा वाढला. नुसत्या नदीच्या पाण्यावर भागेना, आणि लढाईच्या दिवसांत शत्रूने नदीत विष कालवलं तर, ही धास्ती वेगळीच. १६१५ च्या सुमाराला, मोगल सुभेदार अब्दुल रहीम खानखानाच्या कारकिर्दीत, इराणी पद्धतीने जमिनीखालून पाणी आणायची योजना झाली. सातपुड्याच्या पायथ्याला मुरणारं पाणी जमिनीखालच्या बोगद्यात धरायचं आणि उताराने शहराकडे न्यायचं. ना मोट, ना रहाट. बोगद्यावर ठरावीक अंतराने हवेसाठी आणि सफाईसाठी विहिरीसारखी उभी भोकं ठेवली, त्याच कुंड्या. ओळीने शंभराहून जास्त आहेत. चारशे वर्षं झाली, पाणी अजून वाहतंय.

खाली उतरायला लिफ्ट आहे. खोली ऐंशी फुटांच्या आसपास. खाली पोचलं की वर एवढंसं गोल आभाळ दिसतं, आणि पायाशी इतकं नितळ पाणी असतं की पहिल्या पावलाला पाणी आहे हेच कळत नाही. गार लागतं तेव्हा कळतं. भिंतींवर चुन्याचे थर साचलेत, हाताला खडबडीत, कुठं मेणासारखे ओघळलेले. शेजारच्या कुंडीचा उजेड बोगद्यातून पुढं येतो आणि पाण्यावर हलतो. मी कितीदा गेलो असेन, पण तिथं आवाज आपोआप बारीक होतो.

आता चुका. एक, दुपारी जाणं. कधी वीज नसते, कधी लिफ्टशी माणूस नसतो, आणि एका वेळी मोजकीच माणसं उतरतात. सहलीची बस आली असेल तर तासभर जातो. सकाळीच जा. लिफ्ट बंदच असेल तर तोंड पाडून परत फिरू नका. वरून कुंड्यांची ओळ शेतातून-रानातून पुढं जाताना दिसते, तिच्या कडेकडेने चाला. एका कुंडीतून वाकून बघितलं की खालचं पाणी चमकतं. कठडा धरून वाका, आणि पोरांना हाताशी ठेवा.

दोन, बूट-मोजे घालून उतरणं. पाण्यातूनच चालायचंय, भिजली तरी चालेल अशी पट्ट्याची चप्पल घाला, पँट गुडघ्यापर्यंत दुमडा. मोबाईल खिशात नको, गळ्यात अडकवा.

तीन, ही माझी स्वतःची चूक. आत्याला न विचारता तिला लिफ्टमध्ये घातलं. खाली गेल्यावर तिचा श्वास कोंडायला लागला, दंड घट्ट धरून म्हणाली, “अरे, वर ने मला, आत्ता ने.” लिफ्ट परत येईपर्यंतची ती पाच मिनिटं मी विसरणार नाही. बंद जागेची भीती, दमा किंवा हृदयाचा त्रास असलेल्यांना आधी स्पष्ट विचारा. त्यांना वरच सावलीत बसवा, आणि सोबत एकजण थांबा.

आणि भिंतीवरचे चुन्याचे थर नखाने, चावीने खरवडू नका. या पाण्यात हातपाय, बाटल्याही धुऊ नका.

नावांचा घोळ

‘काला ताजमहल’ ऐकून लोक मुमताजची कबर समजून शाहनवाज खानाच्या मकबऱ्यावर जातात. शाहनवाज खान हा खानखानाचा मुलगा. उतावळी नदीच्या काठी त्याचा मकबरा आहे, सुरेख आहे, पण मुमताजशी त्याचा संबंध नाही. दुसरे काहीजण शाही किल्ल्यातच तिची कबर शोधत बसतात. मुमताजला पुरलं होतं तापीच्या पलीकडे, जैनाबादच्या बागेत, आहूखान्यात. सहा महिन्यांनी, डिसेंबर १६३१ मध्ये तिचा देह आग्र्याला नेला. तेव्हा ताजमहाल उभा राहायचा होता. म्हणजे तिच्या नावाने बघायची खरी जागा आहूखाना. तिथं मोठी इमारत असेल या अपेक्षेने जाऊ नका. पडझड झालेली जुनी जागा आहे. पण नदी ओलांडून, उन्हं उतरताना तिथं उभं राहिलं की किल्ला आणि बाग यांच्यामधली तापी दिसते, आणि त्या सहा महिन्यांत शाहजहान बादशहा या काठावरून त्या काठाकडे कितीदा बघत असेल, हा विचार मनातून जात नाही. अंधार पडायच्या आत मात्र परत या.

किल्ल्यात चूक एकच: मान वर न करणं. हमामात, म्हणजे न्हाणीघरात शिरतात, चार भिंती बघतात, निघतात. बघायचं आहे ते छतावर. वेलबुट्टीचं रंगकाम अजून बरंच शिल्लक आहे. आत अंधूक असतं, डोळे सरावायला दोन-तीन मिनिटं थांबा. कॅमेऱ्याचा फ्लॅश मारू नका, जुन्या रंगांना तो बाधतो. नंतर खाली राजघाटावर उतरून नदीकडून किल्ल्याची भिंत बघा, तिची उंची तिथूनच कळते.

मशिदीत जाऊन लेख न बघणं

जामा मशीद शुक्रवारी दुपारी बघायला जाऊ नका, नमाजची वेळ असते. एरवी सकाळी जा, डोकं झाका, चप्पल बाहेर, आणि आत कुणी बसलेलं असेल तर विचारून फोटो काढा. आदिलशाह फारुकीने, म्हणजे राजा अली खानाने ती बांधली. वर मोठा घुमट नाही; ओळीने १५ कमानी आणि काळ्या दगडातली कातीव नक्षी.

पण कमानी बघून परत फिरलात तर मुख्य गोष्ट राहिली. मागच्या भिंतीला उत्तरेच्या टोकाच्या मेहराबीपाशी (म्हणजे नमाजाची दिशा दाखवणाऱ्या कोनाड्यापाशी) अरबी लेखाबरोबर संस्कृत लेख आहे, नागरी अक्षरांत. त्यात फारुकी घराण्याची वंशावळ आहे आणि काळ आपल्या पद्धतीने दिलाय: संवत १६४६, शके १५११. मशिदीच्या भिंतीवर शके! पहिल्यांदा बोट न लावता, नुसती नजर फिरवत ती अक्षरं जुळवली, तेव्हा अंगावर काटा आला होता. पाहुण्यांमध्ये कुणी आजोबा असतील तर त्यांना पुढं करा. जुन्या पोथ्या वाचलेल्या माणसाला ती लवकर लागतात. अक्षरं कोरलेली आहेत, त्यावर खडू किंवा पाणी लावून फोटो काढायचा प्रकार करू नका. १६०१ मध्ये असीरगड घेतल्यावर अकबरानेही आपला लेख याच मशिदीवर कोरवून घेतला. तो मिनाराच्या बाजूला शोधा.

मराठी माणूस छत्रीवर जात नाही

याचं मला खरंच आश्चर्य वाटतं. पुरंदरचा तह आपल्याकडं शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतो. १६६५ साली तो तह करणारा मिर्झाराजा जयसिंग दख्खनच्या मोहिमेनंतर परतीच्या वाटेवर १६६७ मध्ये इथंच, बऱ्हाणपुरात वारला. शहराबाहेर बोहरडा गावाजवळ, तापी आणि मोहना यांच्या संगमावर त्याची छत्री, म्हणजे स्मारक आहे, ३२ खांबांचं. गर्दी नसते. शेतांमधून रस्ता, बाजूला केळीच्या बागा, आणि नदीच्या काठावर ती एकटी इमारत. सहलीच्या यादीत ती सहसा नसते, म्हणून रिक्षावाल्याला ‘बोहरडा’ हे गावाचं नाव सांगा. आणि १६८१ च्या सुरुवातीला हंबीरराव मोहित्यांच्या फौजेने ज्या श्रीमंत पेठेवर धाड घातली, ते बहादुरपूरही याच शहराला लागून आहे.

असीरगड शहरापासून वीसेक किलोमीटर, खंडव्याच्या रस्त्यावर. दक्षिणेचा दरवाजा म्हणायचे त्याला. इथं होणाऱ्या चुका साध्या: पाणी कमी नेणं, अकराला चढायला लागणं, आणि वर गुप्तेश्वर महादेवाचं दर्शन घेऊन लगेच उतरणं. अश्वत्थामा रोज इथं पूजा करतो अशी कथा आहे, म्हणून सगळे देवळाकडे पळतात. मशीद, तलाव, इंग्रजांच्या कबरी, तटावरून दिसणारा सातपुडा, हे सगळं राहतं. माणशी दोन लिटर पाणी, सकाळी आठच्या आत पायथा, आणि तटाच्या कडेला फोटोसाठी पाठ करून उभं राहायचं नाही.

एप्रिल-मेमध्ये येऊच नका. भुसावळचा उन्हाळा माहीत असलेल्याला वेगळं सांगायला नको, आणि इथले काळे दगड तर दुपारी तव्यासारखे होतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम.

खाण्यात एकच घोळ होतो. आपले मांडे पुरणाचे. इथं ‘मांडा’ म्हणजे रुमालासारखी मोठी पातळ रोटी, ती रश्शासोबत खातात. गोड समजून मागवू नका. मावा जिलबी कढईतून निघालेली, तिथंच उभ्याने खा. बांधून घरी नेलेली लोळागोळा होते. घरी न्यायला दराबा ही रव्याची मिठाई घ्या, ती टिकते.

पावसाळ्यात येणार असाल तर ते फक्त महल गुलाऱ्यासाठी. उतावळी नदीवर बांध घालून दोन्ही काठांना समोरासमोर महाल बांधलेत, आणि नदीला पाणी असलं की बांधावरून धबधबा पडतो. निघण्याआधी गावात कुणाला तरी पाण्याचं विचारा. बांध शेवाळाने निसरडा असतो, त्यावर पाय ठेवू नका. पाणी गढूळ होऊन चढायला लागलं असेल तर वर सातपुड्यात पाऊस झालाय, तेव्हा गाडी ज्या काठाला लावलीय त्याच काठावरून बघा आणि निघा.