फवारणीची बाटली घरात ठेवताय?

कपाशीवर मावा-तुडतुडे दिसू लागले की घरोघरी पंप बाहेर निघतात, आणि अर्धी उरलेली बाटली कुठेतरी टेकवली जाते. कोनाड्यात, खाटेखाली, चुलीमागच्या फळीवर. कीटकनाशकालाही आपण ‘औषध’च म्हणतो आणि खोकल्याच्या बाटलीलाही. चार वर्षांच्या पोरानं फरक कसा ओळखायचा? घरात बोलताना तरी त्याला विष म्हणा.

शेजाऱ्याला दोन पंपांपुरतं द्यायचं म्हणून पाण्याच्या किंवा थंड पेयाच्या बाटलीत ओतून देणं, ही सगळ्यात वाईट खोड. पॅराक्वाट हे तणनाशक चुकून घोटभर पोटात गेलं तरी माणूस दगावू शकतो, आणि त्यावर उतारा नाही. उलटंही घडतं: विषाच्या रिकाम्या डब्यात तेल भरलं जातं. 2013 साली बिहारच्या सारण जिल्ह्यात शाळेतलं जेवण खाऊन 23 मुलं गेली. स्वयंपाकाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक सापडलं. म्हणून रिकामा डबा कितीही चांगला दिसला तरी तेला-पाण्याला नको. तीनदा विसळा, ते पाणी पंपातच ओता आणि डब्याला भोकं पाडा.

उरलेलं विष मूळ बाटलीत, कुलपाच्या पेटीत, धान्य आणि चाऱ्यापासून लांब ठेवा. लेबलवरचा त्रिकोण बघा: लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. हिरवा म्हणजे निर्धोक असं मात्र नाही. पेरणीतून उरलेलं रंगीत, प्रक्रिया केलेलं बियाणंही याच पेटीत. ते धुऊन दळायचं नाही, कोंबड्यांनाही टाकायचं नाही.

धान्यात टाकायच्या अॅल्युमिनिअम फॉस्फाइडच्या गोळ्या घरात नकोतच. पावसाळी दमट हवेतही त्यातून फॉस्फीन वायू सुटतो. शेजारच्या खोलीत झोपलेल्यांनाही तो पुरतो. धान्य कडक वाळवून कोठीत भरा. उंदरांसाठी झिंक फॉस्फाइडच्या गोळ्या ठेवल्या असतील, तर रात्री मोजून ठेवा आणि पोरं उठायच्या आत मोजून उचला.

कुणाच्या पोटात विष गेलंच तर मिठाचं पाणी, दूध, तूप काहीही पाजू नका, उलटी करवू नका. अंगावर सांडलं असेल तर कपडे काढून अंग साबणानं धुवा. बेशुद्ध माणसाला कुशीवर वळवा, 108 ला फोन लावा. बाटली किंवा तिचं लेबल सोबत न्या. ‘कपाशीचं औषध प्यायला’ एवढ्यावरून डॉक्टरांना नेमका उपचार ठरवता येत नाही.