कोजागरीला किनाऱ्यावर तंबू ठोकताय? या चुका टाळा

पाऊस ओसरला की पुण्या-मुंबईच्या भटक्यांना कोकण खुणावायला लागतं. सह्याद्रीतले किल्ले पायाखाली घातलेली मंडळीही इथे फसतात. सामान उत्तम असतं, पंचांग मात्र कुणी उघडलेलं नसतं. शरदातल्या कोकणात कुठे झोपायचं आणि कधी चालायचं हे तिथी आणि घड्याळ ठरवतं. तंबू किती महागाचा, हा प्रश्न त्यानंतरचा.

तंबू ओल्या रेषेच्या खाली

सगळ्यात मोठी चूक सुट्टीच्या तारखेतच दडलेली असते. लोक येतात कोजागरीला, नाहीतर दिवाळीत. म्हणजे पौर्णिमा किंवा अमावास्या, म्हणजेच उधाण, सगळ्यात वर चढणारी भरती. किनाऱ्यावरचा जुना हिशेब सोपा आहे: तिथीला पाऊणनं गुणा, पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. पौर्णिमेला पंधरा पाऊणे सव्वाअकरा. भाऊबीजेला दीड. गाव बदललं की अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, म्हणून भरती-ओहोटीचं छापील वेळापत्रकही बघावं. पण अंदाजाला हा हिशेब पुरेसा आहे.

आता कोजागरीचा दिवस बघा. पाहुणे पोचतात संध्याकाळी पाचला, तेव्हा नेमकी ओहोटी तळाला गेलेली असते. समोर सपाट, घट्ट, मोकळी वाळू. तिथेच तंबू लागतो, दूध आटतं, गाणी होतात. अकराला सगळे आडवे होतात आणि पाणी पायथ्याशी येतं. उधाणाचा जोर पौर्णिमा-अमावास्येनंतर एक-दोन दिवस टिकतो, त्यामुळे पाडवा आणि भाऊबीजही त्यातच. जाळी सारखी करत बसलेल्या एखाद्या काकांना विचारलंत तर ते सांगून टाकतील, "आज उधाण आसा, पाणी हयसर येतला." पण विचारतो कोण?

वाळूवर सुकलेलं शेवाळ, शिंपले, काटक्या यांची जी रेषा दिसते तिथवर मागची भरती आली होती. त्या रेषेच्याच नव्हे, वाळूवर पसरणाऱ्या मर्यादवेलीच्याही वर जा. सुरूच्या बनाची कड चांगली. माडाखाली मात्र नको; नारळ आणि झावळ पडताना आवाज देत नाहीत.

तारीख निवडायची मोकळीक असेल तर सप्तमी-अष्टमी धरा. तेव्हा भांगाची, म्हणजे कमी चढणारी भरती असते, आणि ती संध्याकाळी सहाच्या सुमारास पूर्ण होते. पाणी कुठवर आलं हे डोळ्यांनी बघून तंबू लावता येतो, रात्र ओहोटीत जाते. चालण्याचा हिशेब याच्या नेमका उलट. पुळणीवरून, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूवरून, खडकाच्या टोकाला वळसा घालून पलीकडच्या गावात जायचं असेल तर पौर्णिमेचे दिवस बरे, कारण पाणी पहाटे पाचच्या आसपास सगळ्यात खाली असतं, शिवाय ऊन नसतं. ओहोटी संपायच्या तासभर आधी निघा. चढत्या पाण्याच्या सहा तासांपैकी मधल्या दोन तासांतच निम्मं पाणी येतं. अर्ध्या टोकावर असताना ते चढायला लागलं तर पुढे रेटू नका. उंच खडक गाठा आणि थांबा. खाडीचं मुख गुडघाभर दिसलं तरी पायी ओलांडायचं नाही. खाडी ओलांडणारी होडी, म्हणजे तर, असेल तिथे तिनं जा, नाहीतर पुलाचा फेरा घ्या.

रात्री पाणी शिरलंच तर आधी माणसं आणि विजेऱ्या वर न्या, मग पांघरुणं. तंबू शेवटी. आणि गाडी मुळात पुळणीवर उतरवूच नका. दर सुट्टीत कुणाची तरी गाडी भरतीत अडकते, गावकरी दोर लावून ओढतात आणि वर त्याचा व्हिडिओही फिरतो.

सड्यावर दुपारी

कोकण म्हणजे हिरवळ, ही समजूत सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर, पाय ठेवेपर्यंत टिकते. ऑक्टोबरच्या मध्यावर रत्नागिरी-राजापूरकडचा जांभ्याचा सडा तव्यासारखा तापतो. सावलीला झाड नाही. पावसात जागोजागी दिसणारं पाणी जांभ्यातून खाली झिरपून गेलेलं असतं. "वाटेत ओढा आहे" असं ऑगस्टमध्ये जाऊन आलेल्या मित्रानं सांगितलं असेल, तर त्यावर विसंबू नका. विहिरी वाडीत, सड्याच्या खाली. माणशी निदान चार लिटर पाणी घेऊनच चढा.

हवा दमट असल्यानं घाम वाळत नाही, अंग थंड होत नाही. सहा ते दहा चाला, मग थेट चारनंतर. पायात गोळे आले तर नुसतं पाणी ढोसू नका. मीठ घातलेलं कोकम सरबत किंवा ओआरएस घ्या. माणूस असंबद्ध बोलायला लागला तर तो नुसता थकवा नव्हे, उष्माघात असू शकतो. सावली करा, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ ला फोन लावा.

तंबूचे खुंटे जांभ्यात घुसत नाहीत, म्हणून लोक दगड गोळा करतात. इथेच विंचू आणि फुरसं हा विषारी साप भेटतात. दगड आधी काठीनं उलटा, बूट सकाळी झटकून घाला. लाल विंचू चावल्यावर घाम सुटला, उलटी झाली, हातपाय गार पडले तर क्षणही न दवडता रुग्णालय गाठा. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन हे औषध वापरून या दंशानं होणारे मृत्यू खूप कमी केले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. म्हणजे उपाय आहे, फक्त वेळेत पोचायला हवं. सापाच्या दंशावर चिरे देणं, आवळून बांधणं नको. तो हातपाय हलू न देता ग्रामीण रुग्णालयात न्या.

उक्षी, कशेळी, बारसू इथली कातळशिल्पं बघायला हल्ली बरेच जण सड्यावर येतात. २०२२ पासून ती युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आहेत. फोटोत ठळक दिसावीत म्हणून त्यांच्या रेघांवर खडू फिरवणं आणि कातळावर चूल मांडणं, दोन्ही चीड आणणारं आहे. एव्हाना सड्यावरचं गवत वाळायला लागलेलं असतं, एक ठिणगी पुरे.

परतीचा पाऊस, परतीची गाडी

ऑक्टोबर-नोव्हेंबर कोरडाच जातो असं नाही. २००९ चं फयान वादळ नोव्हेंबरातच आलं, २०१९ चं क्यार दिवाळीच्या तोंडावर. अरबी समुद्रात कमी दाबाचा पट्टा तयार झाल्याची बातमी दिसली की बेत पुढे ढकला. दुपारनंतर ढग दाटले तर सडा सोडून खाली उतरा; उघड्यावर विजेला तुम्हीच सगळ्यात उंच असता. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं, विजेचा इशारा देणारं 'दामिनी' ॲप फोनमध्ये असू द्या.

मुक्कामाआधी ग्रामपंचायतीत किंवा जवळच्या घरी विचारा. "काकी, इथे रात्रभर तंबू लावला तर चालेल ना?" एवढं पुरतं. देवराईत आणि कापणीला आलेल्या भातात नको.

रेल्वेनं येणाऱ्यांची एक चूक राहिली. कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक ऑक्टोबरातही चालू असतं. पूर्वी ते ३१ ऑक्टोबरपर्यंत असायचं, २०२५ मध्ये २० तारखेला संपलं. त्या काळात गाड्या सावकाश धावतात, वेळा वेगळ्या असतात. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, म्हणजे दिवाळीचं तिकीट श्रावण-भाद्रपदातच काढावं लागतं. तेव्हाच पंचांगही उघडा.